नुबेलचं पोट

रविवारी सकाळी एंगेलबर्ट पावाला लोणी लावत होता, तेव्हा एक केळं स्वयंपाकघरात आलं आणि म्हणालं, "बर्ट, माझा पासपोर्ट गेला."

केळ्याचं नाव कॉर्बिन. न्यूझीलंडचा. वय सत्तावीस, आणि पाठीवरच्या पिशवीखेरीज जगात आपलं काहीही नाही याचा त्याला अभिमान होता. एंगेलबर्टच्या मते त्यात अभिमान बाळगण्यासारखं काही नव्हतं. सत्ताविसाव्या वर्षी त्याच्याकडे सोफे-खुर्च्या भरायचं स्वतःचं दुकान होतं आणि बायको होती. त्याची पुतणी मेर्ले आणि हा प्राणी यांची पेरूमधल्या कुठल्याशा सोळा खाटांच्या खोलीत ओळख झाली होती. "कधीतरी कोलोनला ये," असं ती त्याला म्हणाली होती. अशा गोष्टी माणूस बोलायच्या म्हणून बोलतो. पण पाठीवर पिशवी घेऊन हिंडणारे लोक त्या लक्षात ठेवतात. कार्निव्हलच्या आदल्या दिवशी, बुधवारी, तो दारात उभा राहिला.

मेर्लेच्या खोलीत तोवर पाच मित्र जमिनीवर झोपायला लागले होते. "काका, तुमच्याकडे जागा आहे ना," ती म्हणाली आणि तिने लगेच जीभ चावली. जागा होती. ऑक्टोबरात ॲनेमी गेल्यापासून घरात जागाच जागा होती.

"पुढच्या बुधवारी सकाळी त्याचं विमान आहे, काका. झोपायला तेवढा येईल."

झोपायला तो येत नव्हताच. पहाटे चारला यायचा, अनवाणी स्वयंपाकघरात जायचा, एंगेलबर्टचं दही खायचा आणि चमचा त्या डब्यातच ठेवून डबा पुन्हा फ्रिजमध्ये ठेवायचा. गुरुवारी मेर्लेच्या मित्रांनी त्याला केळ्याचा पोशाख दिला आणि तेव्हापासून तो केळंच होता. केळं म्हणून झोपायचा, केळं म्हणून उठायचा. रस्त्यातल्या सगळ्यांना तो फार आवडला होता. कार्निव्हलमध्ये कोलोनच्या माणसांना काय आवडेल याचा नेम नाही. वर्षभर शेजाऱ्याच्या कचऱ्याच्या डब्यावरून कोर्टात जाणारे लोक या सहा दिवसांत वाटेल त्याच्या गळ्यात पडतात.

"गेला म्हणजे?" एंगेलबर्टने विचारलं.

"म्हणजे, नाही. पण टेन्शन नाही, बर्ट. पासपोर्ट फक्त कागद."

सुरी खाली ठेवून एंगेलबर्टने त्याच्याकडे नीट पाहिलं. आदल्याच दिवशी त्याने या पोराला आपल्या वस्तू जपण्यावर वीस मिनिटं सुनावलं होतं. मनातून त्याला जरा बरंच वाटलं. आपलं म्हणणं इतक्या लवकर खरं ठरायचं भाग्य सगळ्यांना मिळत नाही.

"बस इथे," तो म्हणाला. "शहाणा माणूस आधी काय करतो? कळवतो. तुझ्या सरकारला कळव. आत्ता. माझ्यासमोर."

"नंतर, बर्ट. जेवून."

"आत्ता!"

कॉर्बिनने केळ्याच्या सालीतून फोन काढला. एंगेलबर्ट चष्मा लावून त्याच्या मागे उभा राहिला. नाव, जन्मतारीख, केव्हापासून सापडत नाही, सगळं त्याने एकेक करून भरून घेतलं. शेवटी कसलीशी लांबलचक सूचना आली. कॉर्बिन ती वाचायला लागला.

"वाचत काय बसतोस, दाब," एंगेलबर्ट म्हणाला.

कॉर्बिनने दाबलं. एंगेलबर्टने समाधानाने सुरी उचलली आणि, काम नीट झालं की माणूस विचारतो तसं, सहज विचारलं, "होता कुठे तो?"

"जॅकेटमध्ये. आतला खिसा. जॅकेट पण नाही सापडत."

"कसलं जॅकेट?"

"हिरवं. जुनं. इथे बाहेर, बुटांच्या बाजूला, खाली टाकलं होतं. बुधवारी. मग मी केळं झालो, मग जॅकेट नको."

एंगेलबर्टची सुरी लोण्यात तशीच राहिली.

त्याला गुरुवार आठवला. सकाळी नऊला ट्रूडीचा फोन आला होता. कोपऱ्यावरचा बिअरखाना तिचा. "एंगेलबर्ट, नुबेल कुठाय?"

नुबेल म्हणजे माणसाएवढं बाहुलं. कार्निव्हलच्या गुरुवारी ते बिअरखान्याच्या दारावर टांगायचं आणि मंगळवारी रात्री बाराला जाळायचं. सहा दिवसांत कोणी काय प्यायलं, कोणाच्या बायकोला मिठी मारली, कोणाचं काय मोडलं, त्या सगळ्याचं पाप नुबेलच्या माथी. रस्त्याला ही सोय फार जुन्या काळापासून मानवलेली आहे. ट्रूडीचा नुबेल सव्वीस वर्षं ॲनेमी करत होती.

"ॲनेमी नाही आता," एंगेलबर्ट फोनवर म्हणाला होता.

"ते मला ठाऊक आहे रे. म्हणून तुला विचारतेय. अकरा वाजून अकरा मिनिटांनी तो दारावर हवा."

दोन तास होते. ॲनेमी जुने कपडे कुठे साठवायची ते त्याला सापडलं नाही. काथ्या मात्र दुकानातला पोतंभर पडून होता. धडासाठी काहीतरी जाड कापड हवं होतं. बाहेर बुटांपाशी एक हिरवं लक्तर पडलेलं दिसलं. त्याला कपडा म्हणणं कपड्यांचा अपमान होता. त्याने त्यात ठासून काथ्या भरला, मान तारेने बांधली, वरून स्वतःचा चौकड्याचा सदरा चढवला. आणि ॲनेमीपेक्षा आपलं काम वाईट दिसू नये म्हणून त्या पोटाला वाकड्या सुईने, मेण लावलेल्या दोऱ्याने दुहेरी शिवण घातली. चाळीस वर्षांच्या धंद्यात त्याची एक शिवण उसवली नव्हती.

खिसे तपासावे हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"बर्ट? तू पांढरा झालास," कॉर्बिन म्हणाला.

"लोणी खारट आहे," एंगेलबर्ट म्हणाला.

सांगून टाकणं सोपं होतं. 'पोरा, मीच घेतलं जॅकेट.' चार शब्द. पण कालची वीस मिनिटं आडवी आली. शिवाय ते व्याख्यान त्याने फक्त कॉर्बिनला दिलं नव्हतं. पाववालीला, खालच्या मजल्यावर आणि ट्रूडीच्या बिअरखान्यात उभं राहून सगळ्यांनाच दिलं होतं. "धडाला चिकटलेलं नसतं तर डोकंही हरवून आला असता," हे वाक्य तर त्याचं ठरलेलं होतं. आता नाक वर करून चाललेल्या माणसाने तेच नाक खाली कसं आणायचं?

हिशोब सरळ होता. मंगळवारी रात्री बाराला नुबेल जळणार. पासपोर्ट जळला की बुधवारचं विमान गेलं. विमान गेलं की केळं इथेच. राखेचा बुधवार, म्हणजे कार्निव्हल संपल्यानंतरचा पहिला दिवस, एंगेलबर्टला आपला आपल्याला हवा होता. त्या दिवशी कोलोनमध्ये मासे खातात. त्याने आणि ॲनेमीने एकतीस वर्षं त्या दुपारी मासे खाल्ले होते, टीव्ही बंद ठेवून. शनिवारी बाजारात सवयीने त्याने दोन हेरिंग मासे घेतले आणि घरी आल्यावर पुडक्याकडे बघत बराच वेळ उभा राहिला. या बुधवारी त्याला कोणी नको होतं. केळं तर नकोच नको.

तो तसाच ट्रूडीकडे गेला.

"नुबेलला पाच मिनिटं खाली घेऊ का?" त्याने विचारलं. "एक टाका सैल वाटतोय."

ट्रूडी ग्लास विसळत होती. साठीची, खांदे हमालासारखे. तिचा वेटर ड्रिकेस शेजारी उभा होता. कोलोनच्या वेटरला गिऱ्हाइकाचा अपमान करायची परंपरेने मुभा आहे आणि ड्रिकेस परंपरा पाळणारा माणूस होता.

"तुझा टाका? सैल?" ड्रिकेस म्हणाला. "तू आमच्या बाकावर गादी बसवलीस त्याला अठरा वर्षं झाली. अजून तिच्यावर बसलं की ढुंगण दुखतं."

"नुबेल एकदा वर गेला की मंगळवारपर्यंत खाली येत नाही," ट्रूडी म्हणाली. "माझ्या बापाने एकदा पावसात भिजतो म्हणून आत घेतला होता. त्याच आठवड्यात तळघरात कमरेएवढं पाणी शिरलं."

"पाऊस पडत होता म्हणून शिरलं!"

"पाऊस दरवर्षी पडतो," ट्रूडी म्हणाली, आणि तो विषय संपला. मग तिचा आवाज एकदम मऊ झाला. "बस. काही खाऊन जा."

हा मऊ आवाज एंगेलबर्टला ऑक्टोबरपासून ऐकू येत होता आणि त्याला तो अजिबात खपत नव्हता. त्याच आवाजापायी गुरुवारी त्याचा टाय शाबूत राहिला होता. गुरुवार बायकांचा. त्या दिवशी बायका कात्री घेऊन हिंडतात आणि दिसेल त्या पुरुषाचा टाय कापतात, वर गालाचा मुका घेतात. ॲनेमी अकरा वाजून अकरा मिनिटांनी त्याचा कापायची. यंदाही त्याने टाय बांधला होता. मेर्लेने त्या दिवशी चाळीस टाय कापले, पण काकाचा टाय बघून कात्री पाठीमागे लपवली. पाववालीने तर नजरच फिरवली. दुःखी माणसाचा टाय कसा कापायचा? त्यामुळे रविवार आला तरी तो अखंड टाय त्याच्या गळ्यात होता. त्याने तो हट्टाने काढलाही नव्हता.

सोमवारी मोठी मिरवणूक. एंगेलबर्टने बेत केला की सगळा रस्ता मिरवणुकीकडे तोंड करून उभा असताना मागच्या मागे नुबेलचं काम उरकायचं. कोलोनमध्ये त्या सोमवारी शिडी घेऊन निघालेल्या माणसाकडे कोणी वळूनही बघत नाही. मिरवणूक दिसावी म्हणून अर्धं गाव शिडी घेऊन निघतं. बेत चांगला होता. तो तिथेच फसला.

शिडी त्याने बिअरखान्याच्या भिंतीला लावली मात्र, एक मधमाशी वर चढली.

"आभारी आहे हो, आजोबा," मधमाशी म्हणाली. तिच्यामागून तिचा नवरा, तोही मधमाशी, आणि दोन पोरं.

"ही शिडी माझी आहे!"

"मग घट्ट धरा ना. हलतेय."

मिरवणुकीच्या गाड्यांवरून गोळ्या-चॉकलेटांचा पाऊस सुरू झाला. मधमाशांनी छत्री उलटी धरली. एक विदूषक आला आणि खालच्या पायरीवर उभा राहिला. एंगेलबर्ट तीन तास शिडी धरून होता. डोक्यापासून अडीच हातांवर नुबेल डुलत होता, चौकड्याचा सदरा घालून, पोट तट्ट फुगवून. मधूनच एक चॉकलेटचा डबा एंगेलबर्टच्या टाळूवर आदळला आणि गर्दी खूश होऊन ओरडली.

चौथ्या तासाला मिरवणुकीतल्या एका गाडीवर त्याला केळं दिसलं. गाडीवर चढायला इथल्या माणसांची हयात जाते, आधी मंडळात नाव घालावं लागतं, मग कोणीतरी मरायची वाट बघावी लागते. आणि हा बुधवारी आलेला! केळं मुठी भरभरून गोळ्या उधळत होतं.

"बर्ट!" ते गाडीवरून ओरडलं. "बर्ट, माझा मित्र!"

"ते तुमच्या ओळखीचं केळं आहे?" मधमाशीने आदराने विचारलं.

"नाही," एंगेलबर्ट म्हणाला.

मंगळवार उजाडला. पासपोर्ट हरवल्यामुळे कॉर्बिनची कीर्ती आणखी वाढली होती. ट्रूडीकडे जो तो त्याला बिअर पाजत होता. ग्लासवर पुठ्ठ्याची चकती ठेवली नाही तर वेटर नवा ग्लास आणतच राहतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ड्रिकेसला ते मुद्दाम सांगायचं नव्हतं. एकोणीस ग्लासांनंतर केळ्याने बिअरखान्याला ट्रूडीच्या बापाचं आवडतं गाणं शिकवायला सुरुवात केली, जे त्याला आदल्या रात्रीच कोणीतरी शिकवलं होतं.

रात्री अकराला आतून ते गाणं ऐकू यायला लागलं तसा एंगेलबर्ट शिडी घेऊन आला. रस्ता रिकामा होता. तो वर चढला, सदऱ्याची बटणं सोडली आणि पात्याने शिवण कापायला घेतली. कापेना. दुहेरी टाका, मेणाचा दोरा. जन्मात पहिल्यांदा त्याने आपल्या कसबाला शिव्या घातल्या. दहा मिनिटांनी हात जाईल एवढी फट झाली. त्याने कोपरापर्यंत हात घातला. काथ्या, काथ्या, आणखी काथ्या, मग खिशाची चेन, मग एक लहानसं गुळगुळीत पुस्तक.

तो खाली उतरायला निघाला आणि मान हिसकली. हाताबरोबर टायही आत गेला होता आणि मानेच्या तारेत अडकला होता. तो ओढायला गेला तसा नुबेल त्याच्या अंगावर झुकला. आता दोघेही गळ्यात गळा घालून उभे होते, आणि नेमकं तेव्हाच दार उघडलं.

सगळा बिअरखाना मेणबत्त्या घेऊन बाहेर आला. ट्रूडी, ड्रिकेस, मेर्ले, तिचे पाच मित्र, केळं. सगळे वर बघत राहिले.

"एंगेलबर्ट," ट्रूडी म्हणाली, "काय करतोयस तिथं?"

त्याने पासपोर्ट नुबेलच्या पाठीमागे धरला. खरं सांगायची ही दुसरी संधी होती. तीही त्याने दवडली.

"निरोप घेतोय," तो म्हणाला.

ड्रिकेसने टोपी काढली. "सव्वीस वर्षं तिने केला हो," कोणीतरी पुटपुटलं. "आणि यंदा त्याने." मेर्ले हुंदके द्यायला लागली. प्यायलेल्या माणसांना रडायला निमित्त लागतं. इथे तर चांगलं घसघशीत निमित्त शिडीवर उभं होतं. दोन मिनिटांत सगळा रस्ता नाक ओढत होता. एंगेलबर्टला इतकी लाज वाटली की त्याचेही डोळे भरून आले, आणि ते बघून खालचे लोक आणखी रडले.

एवढ्यात शिडी हलली. केळं वर येत होतं.

"बर्ट," ते रडत रडत म्हणालं, "तू एकटा नाही." आणि त्याने एंगेलबर्टला, नुबेलला आणि मधल्या त्या हाताला एकत्र मिठी मारली. पासपोर्ट त्याच्या मालकाच्या छातीपासून चार बोटांवर होता. एंगेलबर्टने दम रोखून तो आपल्या कोटाच्या खिशात सोडला.

"खाली ये रे, केळ्या. शिडी मोडेल," ट्रूडी ओरडली. मग ती स्वतः दोन पायऱ्या वर आली आणि अडकलेल्या टायकडे बघत राहिली. तिने ॲप्रनच्या खिशातून कात्री काढली. "गुरुवारपासून खिशात घेऊन हिंडतेय," ती म्हणाली. आवाज मऊ नव्हता, नेहमीचा होता. "सगळ्या जणी म्हणाल्या, त्याचा नको. मी म्हटलं, त्याचाच तर हवा."

तिने टाय कापला आणि त्याच्या गालाचा ओला, बिअरच्या वासाचा मुका घेतला. एंगेलबर्टने गळ्यात राहिलेला तुकडा चाचपला. तिरका कापला होता. ॲनेमीचाही तिरकाच जायचा.

"पोट फाटलंय वाटतं याचं," ड्रिकेस नुबेलला उतरवताना म्हणाला.

"सहा दिवस पीत होता," एंगेलबर्ट म्हणाला.

बाराला नुबेल पेटवला. ड्रिकेस पाद्र्याचा झगा घालून एकेक पाप वाचत होता आणि रस्ता उत्तर देत होता.

"ट्रूडीच्या बाकावर कोण ओकलं?"

"नुबेल!"

"मधमाशीच्या नवऱ्याने घर चुकवलं, चूक कोणाची?"

"नुबेलची!"

"आणि आमच्या केळ्याचा पासपोर्ट कोणी घालवला?"

"नुबेलने!" सगळ्यांत मोठा आवाज एंगेलबर्टचा होता. जॅकेटला आग धरली तेव्हा भयंकर वास सुटला आणि त्याला फार हलकं वाटलं.

बुधवारी सकाळी सात वाजता त्याने कॉर्बिनला हलवून उठवलं. पोशाख उतरलेला होता. आत एक बारीकसा, कान लाल झालेला मुलगा निघाला.

"हा घे," एंगेलबर्टने पासपोर्ट टेबलावर ठेवला. "हीटरच्या मागे पडला होता. शोधायचं म्हणजे नीट शोधायचं असतं. साडेसातची बस आहे, पिशवी भर."

कॉर्बिनने पासपोर्टकडे पाहिलं आणि तो हसायला लागला.

"हा मेला, बर्ट."

"मेला म्हणजे?"

"रविवारी. तू म्हणालास कळव. मी कळवलं. कळवलं की हा रद्द, कायमचा. सापडला तरी नाही चालत. मी ते वाचत होतो, तू म्हणालास, दाब." त्याने दही घेतलं. "नवा यायला तीन आठवडे. मी काल रात्री मेर्लेला सांगितलं. ती म्हणाली, काका खूश होईल."

एंगेलबर्ट खुर्चीवर बसला. ती त्याने स्वतः भरलेली खुर्ची होती आणि, ड्रिकेस म्हणाला ते खरं होतं, कडक होती.

कॉर्बिन पासपोर्टची पानं चाळत होता. मधल्या पानातून त्याने काहीतरी चिमटीत धरून बाहेर काढलं आणि उजेडात धरलं. काथ्याचा एक लांब, तपकिरी तंतू. त्याने तो हुंगला. मग त्याने एंगेलबर्टच्या गळ्यातल्या टायच्या तुकड्याकडे पाहिलं, मग खिडकीतून कोपऱ्यावरच्या बिअरखान्याच्या रिकाम्या दाराकडे. डोकं चालायला त्याला वेळ लागत होता, पण चालत होतं.

"बर्ट," तो शेवटी शांतपणे म्हणाला, "चूक कोणाची?"

एंगेलबर्टने टायचा तुकडा सदऱ्याच्या आत खोचला.

"नुबेलची," तो म्हणाला.

"नुबेलची," कॉर्बिनने मान डोलावली, तो तंतू पुन्हा पानात ठेवला आणि पासपोर्ट मिटला.

एंगेलबर्ट उठला. त्याने फ्रिज उघडला आणि हेरिंगचं पुडकं बाहेर काढलं.

"तीन आठवडे स्वयंपाकघरात मोजे घालून यायचं," तो पाठमोराच म्हणाला. "आणि चमचा डब्यात ठेवायचा नाही. मासे खातोस का?"

"खातो."

"मग बटाटे सोल. दोघांचे."